घर घेताय? आधी त्याचा आकडा काढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या नदीकडच्या बाजूला एक जुनं रो-हाऊस विकायला आहे. मुठा नदी साडेतीनशे मीटरवर, आणि मागे रस्ता ओलांडून चढावर अर्ध्या किलोमीटरच्या आत कालवा. भाव आजूबाजूपेक्षा बराच कमी. एजंट म्हणतो की घर निळ्या पूररेषेच्या बाहेर आहे आणि 2019 ला फक्त पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी आलं होतं. वीस वर्षांचं कर्ज काढायचं आहे. गावाकडून आई-वडील कायमचे येणार आहेत आणि वडिलांना जिने चढवत नाहीत. घ्यावं का?

मी स्थापत्य अभियंता आहे, सव्वीस वर्षं झाली या कामात. लेव्हल काढणं, जोत्याची उंची ठरवून देणं आणि पूर ओसरल्यावर घरांची दुरुस्ती करणं हे माझं नेहमीचं काम. त्यामुळे उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या, कारण ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ एवढं एका शब्दात सांगितलं तर ते बेजबाबदारपणाचं होईल.

तुम्ही अंतर सांगितलंत, उंची सांगितली नाही. नदीपासून पन्नास मीटरवरचं घर कोरडं राहिलेलं आणि सहाशे मीटरवरच्या घरात छातीभर पाणी शिरलेलं मी पाहिलं आहे. पन्नास मीटरवालं उंच दरडीवर होतं, सहाशेवालं जुन्या ओढ्याच्या खोलगटात. म्हणून नदी किती लांब हे बाजूला ठेवा. नदीत किती पाणी असताना ते तुमच्या उंबऱ्याला लागतं, हा खरा प्रश्न.

मी मूळचा सांगलीचा. आमच्याकडे श्रावणात लोक पाऊस किती झाला असं विचारत नाहीत, ‘आयर्विनला किती फूट?’ असं विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. माझ्या मामाच्या गल्लीत प्रत्येक घराचा आकडा ठरलेला होता. मामाच्या ओट्याचा आकडा 46. पुलाला 44 झालं की मामी धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घ्यायची, 45 ला गादीच्या गुंडाळ्या व्हायच्या. आकडा माहीत होता म्हणून घाई नव्हती आणि रडारडही नव्हती. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा मात्र मामीचा सगळा हिशेब बुडाला आणि पाणी खालच्या मजल्याच्या स्लॅबला टेकलं. पण तेव्हाही आदल्या दिवशी घर रिकामं झालेलं होतं, कारण आकडा चढताना दिसत होता.

पुण्यात हा आकडा फुटांत नाही, क्युसेकमध्ये बोलतात. खडकवासला धरणातून किती पाणी सोडलं, यावरून खालच्या वस्त्या अंदाज बांधतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. 25 जुलै 2024 च्या पहाटे विसर्ग वाढत वाढत 35 हजार क्युसेकच्या आसपास गेला, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. एकतानगरी, निंबजनगर हा तुम्ही बघताय त्याच पट्ट्यातला भाग. तिथे लोकांना झोपेतून उठून बाहेर पडावं लागलं. त्याआधी ऑगस्ट 2019 मध्ये याच नदीत 45 हजारांच्या आसपास पाणी सोडलं गेलं होतं. म्हणजे 2024 चा विसर्ग काही विक्रमी नव्हता. तरी पाणी घरात आलं, आणि लोकांची तक्रार हीच होती की कमी विसर्गाला जास्त पाणी कसं आलं. त्याचं उत्तर पुढे देतो, कारण तुमच्या घराच्या निर्णयाचं मूळ तिथेच आहे.

आधी धरणाबद्दल एक गैरसमज काढतो. वर चार धरणं आहेत, मग पूर अडेलच, असं लोकांना वाटतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून साठा सुमारे 29 टीएमसी, म्हणजे 29 अब्ज घनफूट. पण शहराला लागून जे खडकवासला आहे, ते जेमतेम 2 टीएमसीचं. बाकीच्या तिघांचं पाणी शेवटी त्याच्यातच येतं. जुलैच्या शेवटी ते भरलेलं असतं आणि वर जोराचा पाऊस झाला की आलेलं पाणी खाली सोडण्याशिवाय पर्याय नसतो. शिवाय खडकवासल्याच्या खालचे ओढे-नाले कोणत्याच धरणात जात नाहीत, थेट नदीत उतरतात. धरणाचा आकडा वाचून तुम्ही निर्धास्त असता आणि त्यात ओढ्यांचं पाणी मोजलेलंच नसतं.

आता निळ्या रेषेकडे वळू. आपल्याकडे दोन पूररेषा आखतात. ढोबळमानाने सांगायचं तर निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. तिथे बांधकाम होऊ शकतं, पण सध्याच्या नियमाप्रमाणे जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर ठेवावी लागते. एजंटने तुम्हाला ‘निळीच्या बाहेर’ एवढंच सांगितलं. लाल रेषेच्या आत की बाहेर, हे सांगितलेलं नाही. पहिलं ते विचारा. जुनं बांधकाम असेल तर हा उंचीचा नियम पाळलेला असेलच, असं धरून चालू नका.

आणि ‘25 वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फसू नका. याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की पुढची 24 वर्षं सुट्टी, असा नाही. दर वर्षी शंभरात चार अशी शक्यता, दर पावसाळ्यात नव्याने. तुमच्या कर्जाच्या वीस वर्षांत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता मांडली तर ती 56 टक्के भरते. निम्म्याहून जास्त! 100 वर्षांच्या पुराचीही त्याच वीस वर्षांत 18 टक्के आहे. निळ्या रेषेच्या काठावरचं घर म्हणजे हप्ते फिटायच्या आत उंबऱ्याला पाणी लागण्याची शक्यता, न लागण्याच्या शक्यतेहून जास्त. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस हे तुम्हाला सांगणार नाही, त्याचं ते कामही नाही.

हा झाला कागद बरोबर आहे असं धरून केलेला हिशेब. पण रेषा ज्या दिवशी आखली, त्या दिवशी नदीचं पात्र जसं होतं तशी ती असते. नंतर काठावर राडारोडा पडला, भराव टाकून मैदानं झाली, पात्रात रस्ता आला, पुलाचे खांब उभे राहिले, भिंती आल्या, तर तेवढंच पाणी वाहायला जागा कमी उरते आणि पातळी वर चढते. रात्री येऊन राडारोड्याचे डंपर रिकामे करणारे लोक मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. सकाळी तिथे गेलं की फुटक्या फरश्या, बाथरूमच्या टाइल्स आणि विटांचे तुकडे नदीच्या गवतावर पसरलेले असतात. कुणाच्या तरी घराच्या नूतनीकरणाचा तो कचरा असतो, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी घराचा आकडा खाली आणतो. कमी विसर्गाला जास्त पाणी कसं आलं, याचं माझ्या मते मुख्य उत्तर हेच: पात्र आक्रसलं की जो उंबरा 45 हजाराला भिजत होता, तो त्याच्या आधीच भिजायला लागतो. म्हणून 2019 ला काय झालं, ही माहिती उपयोगाची आहे, पण ती हमी नव्हे.

यात माझीही एक चूक आहे आणि ती सांगायलाच हवी. 2014 मध्ये एका ओळखीच्या कुटुंबाला मी नकाशा बघून ‘लाल रेषेच्या बाहेर आहे, घ्या’ असं सांगितलं होतं. 2019 मध्ये त्यांच्या तळमजल्यावर पाणी आलं, आणि नदी तर दोनशे मीटर लांबच होती. ते आलं संडासाच्या भांड्यातून आणि मोरीच्या जाळीतून. नदी चढली तशी ड्रेनेजची वाहिनी उलटी भरली आणि सोसायटीतलं सगळ्यात खालचं भांडं म्हणजे यांचं. त्या घरातल्या काकूंनी मला भिंत दाखवली. देवघराच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक तपकिरी रेघ होती. रंग दोनदा देऊनही ती पुन्हा फुटून वर आली होती. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त बोट ठेवलं. तेव्हापासून कागद बघून सल्ला देणं मी बंद केलं.

तर पाणी तुमच्याकडे तीन वाटांनी येऊ शकतं, आणि तिन्हींचा आकडा वेगळा काढावा लागतो. नदीची वाट वर सांगितली.

दुसरी वाट ओढ्याची. पावसाळ्यात नदी तुडुंब असते तेव्हा तिला मिळणाऱ्या ओढ्याचं तोंड बंद झाल्यासारखं होतं. ओढ्याचं पाणी मागे फुगतं आणि आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये पसरतं. नदी शांत असतानाही नुसता ओढा काय करू शकतो, हे पुण्याने 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्यात पाहिलं. कात्रजच्या बाजूला काही तास प्रचंड पाऊस झाला आणि अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीपासून खाली सगळीकडे सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या. शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. धरणाचा विसर्ग वाचून त्या रात्री कुणालाही काही कळलं नसतं. तुमच्या घराच्या जवळून ओढा जातो का, आणि आज दिसत नसेल तर पूर्वी जात होता का, हे जुन्या गाव नकाशावर बघा. पाइपात घातलेला, स्लॅब टाकून झाकलेला ओढा जास्त धोक्याचा, कारण तो तुंबलेला बाहेरून दिसत नाही. आणि सीमाभिंतीच्या भरवशावर राहू नका. ती चोर अडवायला बांधलेली असते. मागे कमरेएवढं पाणी साचलं की आडवी होते, आणि पडते ती आतल्या बाजूला, गाड्यांवर आणि माणसांवर.

तिसरी वाट कालव्याची, आणि याविषयी लोक सगळ्यात कमी विचार करतात. मुठा उजवा कालवा खडकवासल्यातून निघून टेकड्यांच्या पायथ्याने, शहराच्या डोक्यावरून हडपसरकडे आणि पुढे इंदापूरपर्यंत जातो. नदी तुमच्या खाली आहे, कालवा तुमच्या वर. त्यात नदीच्या पुरापेक्षा पाणी फारच कमी असतं, पण फुटला तर वरून खाली वेगाने येतं आणि आधी काही सूचना देत नाही. 27 सप्टेंबर 2018 ला सकाळी अकराच्या सुमारास तो जनता वसाहतीपाशी फुटला आणि दांडेकर पुलाच्या परिसरात शेकडो घरांचं नुकसान झालं. दिवसाढवळ्या फुटला म्हणून लोकांना पळता आलं. मध्यरात्री फुटला असता तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. कशाने फुटला यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. उंदीर, घुशी, खेकडे, केबलसाठी झालेली खोदाई, सगळ्यांची नावं आली. एवढं मात्र नक्की की मातीच्या भरावाला छोटं भोक पुरतं. त्यातून पाणी माती घेऊन बाहेर पडायला लागलं की भोक आपोआप मोठं होत जातं.

कालवा कसा तपासायचा ते सांगतो, कारण हे कुणालाही करता येतं. आवर्तन चालू असताना, म्हणजे कालव्यात पाणी सोडलेलं असताना जा, कालवा बंद असताना जाऊन उपयोग नाही. तुमच्या घराच्या बरोबर वरच्या भागात कालवा खोदलेला आहे की भरावावर आहे, हे आधी बघा. खोदलेला असेल, म्हणजे पाण्याची पातळी आजूबाजूच्या जमिनीच्या खाली असेल, तर चिंता बरीच कमी. भरावावर असेल तर भरावाच्या पायथ्याने सावकाश चाला. उन्हाळ्यात बाकी सगळं गवत वाळलेलं असताना एखादाच पट्टा हिरवागार दिसला, तर तिथे पाझर आहे. पायथ्याशी ओल असेल तर ते पाणी ओंजळीत घेऊन बघा. नितळ असेल तर नुसता पाझर, ते पुष्कळ ठिकाणी असतं. गढूळ असेल तर भरावातली माती बाहेर पडते आहे. मग लगेच पाटबंधारे विभागाला लेखी कळवा आणि त्या घराचा विचार सोडा. भरावावर मोठी झाडं, झोपड्या, पाण्याच्या चोरून घेतलेल्या जोडण्या किंवा नवीन खोदलेले चर दिसले तर तेही लिहून ठेवा. खडकवासला ते फुरसुंगी बोगदा होणार आणि कालवा बंदच होणार, असं एजंट सांगेल. तो होईल तेव्हा होईल. तुम्हाला राहायचं आहे ते या पावसाळ्यात.

आता तुमच्या घराचा आकडा. एक रविवार काढा आणि एजंटला न घेता जा. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांच्या वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, पिठाच्या गिरणीवाल्याला विचारा: ‘2019 ला पाणी कुठपर्यंत होतं? आणि 2024 ला?’ विकणारा माणूस कमी सांगेल, राहणारा खरं सांगेल. मग खूण शोधा. मीटरच्या खोलीतली भिंत, लिफ्टच्या खड्ड्याच्या कडा, जिन्याच्या खालची न रंगवलेली बाजू, विजेच्या पेटीच्या आतला गाळ. घराला नुकताच नवा रंग दिला असेल तर जास्त बारकाईने बघा. खूण सापडली की तिच्यापासून घराच्या आतल्या फरशीची उंची मोजा. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी पुरेशी आहे. ऑटो लेव्हल, म्हणजे उंची मोजायचं यंत्र असलेला माणूस आणलात तर उत्तमच. त्या दिवशी विसर्ग किती होता हे वर्तमानपत्रांत मिळतं, नाहीतर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्याच अर्जात तुमच्या सर्व्हे नंबरजवळ निळ्या आणि लाल रेषेची पातळी मीटरमध्ये किती, हेही मागा. नुसती नकाशावरची रेघ नको. पातळी हातात आली की सर्व्हेयरला तुमच्या फरशीची पातळी त्याच बेंचमार्कवरून, म्हणजे पातळी ठरलेल्या त्याच खुणेवरून काढायला सांगा.

यातून काय निघेल यावर निर्णय अवलंबून आहे. फरशी लाल रेषेच्या पातळीपेक्षा अर्धा मीटर वर, वर कालवा खोदलेला आणि ड्रेनेज उलटं येत नाही, असं निघालं तर पार्किंगमधलं गुडघाभर पाणी ही गैरसोय आहे, संकट नव्हे. अशा घरात मी स्वतः राहीन. पण विजेचं मीटर, पाण्याचा पंप आणि इन्व्हर्टर आधी वर चढवीन. विजेची गोष्ट हलक्यात घेऊ नका. 2024 च्या त्याच पहाटे पुलाची वाडी भागात पाण्यातून हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. जमिनीखालच्या टाकीचं झाकणही घट्ट बसणारं हवं, नाहीतर पूर ओसरल्यावर तेच पाणी प्याल. खालच्या मजल्याच्या ड्रेनेजला पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. घराच्या विम्यात पूर धरलेला आहे ना, हे पॉलिसीत वाचून बघा. 2021 पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाण पॉलिसीत तो आहे.

फरशी दोन रेषांच्या मधे असेल तर माझ्यासाठी प्रश्न पैशांचा राहत नाही, माणसांचा होतो. तरुण जोडपं असतं, झोपायच्या खोल्या वर असत्या, तर मी म्हटलं असतं की तयारी ठेवून राहा. तुमच्या घरात वडील खालच्या खोलीत झोपणार आहेत आणि त्यांना जिना चढवत नाही. पुण्यातला पूर सांगलीसारखा दोन दिवस आधी दिसत नाही, पहाटे तीनला तासा-दोन तासांत चढतो. त्या वेळी तुम्ही गावाला गेलेले असाल, दिवे गेलेले असतील, आणि दोन वयस्कर माणसं पाण्यात उभी असतील. भाव कितीही कमी असला तरी या परिस्थितीत मी ‘घ्या’ म्हणणार नाही. वाचलेले दहा-बारा लाख एका पुरात फर्निचर, वायरिंग, दारं आणि भिजलेल्या भिंतींच्या दुरुस्तीत कसे जातात, हे मी दर वेळी बिलं करताना बघतो. आणि पुढे विकायला गेलात तर आज तुम्हाला मिळतो आहे तोच कमी भाव तुम्हालाही घ्यावा लागेल.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, खडकवासलाही गेलं, आणि नदीकाठचं पुणं वाहून गेलं. त्यानंतर पूरग्रस्तांना गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा नदीपासून दूरच्या जागी वसवलं गेलं. ते शहाणपण आपण साठ वर्षांत विसरलो आणि पुन्हा काठाशी येऊन राहिलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे घर तुम्ही नाही घेतलंत तर दुसरं कुणी घेईल, हेही मला माहीत आहे. म्हणून एक विनंती. मोजमाप काढलंत तर ते शेजाऱ्यांनाही सांगा आणि पार्किंगच्या खांबावर रंगाने पुराची खूण करून तिच्याशेजारी वर्ष आणि क्युसेक लिहून ठेवा.

टोकन देऊ नका. आधी एवढ्या चार गोष्टी काढून मला कळवा: 2019 आणि 2024 च्या खुणांपासून घराच्या फरशीची उंची, लाल रेषेची पातळी, वरचा कालवा खोदलेला की भरावावर, आणि सगळ्यात खालच्या संडासाचं भांडं रस्त्यावरच्या ड्रेनेज चेंबरच्या झाकणापेक्षा वर आहे की खाली. शेवटची गोष्ट मोजायला विसरू नका.